आधी ताटाचा एकर, मग बाजाराचा



या महिन्याचा अभ्यास पाठ आपल्या चुलीबद्दल आहे. पाठ वाचायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर मनात धरा. उद्या गावाचा रस्ता बंद झाला, आठवडी बाजार भरला नाही, किराणा दुकानात माल आला नाही, तर घरात जे आहे त्यावर तुमचं घर किती दिवस नीट जेवेल? पोट भरणं वेगळं आणि नीट जेवणं वेगळं. नीट म्हणजे ताटात भाकरी, डाळ आणि भाजी, तिन्ही.

समुद्रातल्या बेटावरच्या बायांना हा प्रश्न रोजचा असतो. बोट आली नाही तर पीठ नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, पण आपल्याही गावाचं बेट होतं. कयाधूला, पूर्णेला, पैनगंगेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि गाव तुटतं. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचं पाणी थेट घराघरांत शिरलं होतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा तर पूर नसतानाही प्रत्येक गावाचं बेट झालं. बाजार बंद, गाड्या बंद, मजुरी बंद.

त्या दिवसांत कोणाचं घर निभावलं, ते आठवा. ज्यांच्या कोठीत ज्वारी होती, डब्यात डाळ होती आणि दारात शेवगा होता, त्यांना कमी धावाधाव झाली. शेत असूनही ज्यांच्या घरात फक्त सोयाबीनची पट्टी आली आणि खर्चून गेली, त्यांना पिठासाठी रांगेत उभं राहावं लागलं.

आपल्या शेतातून ताट कसं गेलं?

आपल्या सासूबाईंना विचारा. त्यांच्या काळात एकाच शेतात ज्वारी, मूग, उडीद, तूर, तीळ, अंबाडी, जवस, करडई, हरभरा असं सगळं असायचं. मीठ, गूळ, कापड आणि चहापत्ती सोडली तर बाजारातून फार काही आणावं लागत नसे. म्हणून सगळं चांगलंच होतं असं नाही. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातल्या बायांनी खडी फोडली आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. पाऊसच नसेल तर कोठीही रिकामी होते, हे विसरायचं नाही.

पण नंतर वेगळंच घडलं. खरिपात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन आलं. पाणी असलेल्या शेतात हळद आणि ऊस आला. हळदीनं वसमत आणि हिंगोलीच्या बाजाराला नाव दिलं, पोरांच्या फिया भरल्या, घरं बांधली. त्याला नावं ठेवायची नाहीत. रोख पैसा लागतोच. मात्र हळद आणि सोयाबीन दोन्ही विकल्यावरच पोटात जातात. भाव पडला की ताटही पडतं.

आणखी एक गोष्ट गुपचूप गेली, ती कोणाच्या हिशोबात आली नाही. निंदताना ओट्यात जमा व्हायची ती तांदुळजा, घोळ, कुर्डू, तरोटा ही फुकटची भाजी. तणनाशक आलं, निंदणीचे कष्ट कमी झाले, आणि ही भाजीही मेली. आता तीच पाच-दहा रुपयांची जुडी आपण बाजारातून आणतो, नाहीतर बटाट्यावर भागवतो.

परिणाम आपल्या अंगावर दिसतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी धरा. सगळा दोष ताटाचा नाही, पण ताटाचा वाटा मोठा आहे.

रेशन आहे, मग काळजी कशाला?

रेशन हा आपला हक्क आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ते सोडायचं नाही, आणि कमी मिळालं तर गप्प बसायचं नाही.

पण रेशन काय देतं? मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ, भाजी, तेल नियमित येत नाही. म्हणजे रेशननं पोट भरतं, रक्त भरत नाही. रेशन हा पाया समजा, भिंती आपल्याला बांधायच्या आहेत.

आधी हिशोब: आपलं घर वर्षाला किती खातं?

गटाचा हिशोब आपण पैशापैशाचा ठेवतो. घराच्या पोटाचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही. चला, पाच माणसांच्या प्राधान्य कार्डाच्या घराचा मांडून बघू. तुमच्या घराचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

धान्य: भाकरी, पोळी, भात मिळून रोज २ किलो. वर्षाला ७३० किलो. रेशनचं महिना २५ किलो, म्हणजे वर्षाला ३०० किलो. उरले ४३० किलो. हे विकत आणावं लागतं किंवा पिकवावं लागतं.

डाळ: माणशी रोज ५० ग्रॅम धरली तरी घराला रोज पाव किलो. वर्षाला ९१ किलो. तुमच्या घरी एवढी शिजते का? बहुतेक घरी नाही, आणि भाव चढला की सगळ्यात आधी डाळच पातळ होते.

भाजी: रोज १ किलो धरली तरी वर्षाला ३६५ किलो.

आता किराणा दुकानातली उधारीची वही काढा. गेल्या बारा महिन्यांत ज्वारी, डाळ, भाजी आणि तेलावर किती गेले, ते चार ओळींत लिहा. हा आकडा घरात मोठ्यानं वाचून दाखवा. पुढचं बोलणं या आकड्यावरच होणार आहे.

एका एकराची वाट आधी कोणी चालली आहे

ही कल्पना नवीन नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं दोन गोष्टी मांडल्या. एक, लक्ष्मीमुक्ती, म्हणजे नवऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करायचा. दुसरी, सीताशेती, म्हणजे बाईनं आपल्या तुकड्यात कमी खर्चाची, घरच्या बियाण्याची, घरच्या खताची शेती करायची.

पुढे लातूर आणि धाराशिव भागात हेच काम वेगळ्या रूपानं उभं राहिलं. सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथे बायांचे गट बांधणाऱ्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं दुष्काळाच्या वर्षांत बायांना एकच गोष्ट मागायला शिकवलं: घरच्या शेतातला अर्धा किंवा एक एकर माझ्या निर्णयानं पेरू द्या. त्या तुकड्यात बायांनी एकच पीक न घेता धान्य, कडधान्य, तेलबिया आणि भाज्या एकत्र घेतल्या. रासायनिक खतावरचा खर्च कमी केला. आधी घर खाईल, उरलं तर विकू, हा नियम ठेवला. एक पीक गेलं तरी दुसरं हाताला लागलं. या संस्थेच्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

त्या बायांची जमीन आपल्यासारखीच होती आणि पाऊस आपल्यापेक्षा कमी होता. त्यांनी करून दाखवलं, तर आपल्याला अवघड नाही.

चाळीस गुंठ्यांची आखणी

एक एकर मिळाला तर असं करून बघा. अर्धाच मिळाला तर सगळं निम्मं करा.

३० गुंठे, मूग-उडीद आणि मग ज्वारी: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच पेरायचं. मूग आणि उडीद साधारण ६५ ते ७५ दिवसांत निघतात. त्याच रानात सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रब्बी ज्वारी. मुगाच्या बेवडावर ज्वारी चांगली येते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत होतं. मालदांडी किंवा परभणी मोती ही वाणं आपल्याकडे ओळखीची आहेत. खरिपात ज्वारी घेणार असाल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे वाण विचारा. त्यात लोह आणि जस्त जास्त आहे.

८ गुंठे, तूर आणि सोबत्या: दोन ओळी तुरीच्या, मध्ये भुईमूग किंवा तीळ. कडेला अंबाडी. अंबाडीची भाजी होते आणि वाखही होतो.

२ गुंठे, भाजी: सात वारांचे सात वाफे पाडा. एकात पालेभाजी, एकात वांगी-टोमॅटो, एकात गवार-चवळी, एकात भेंडी, एकात मुळा-गाजर, एकात मिरची-कोथिंबीर, एकात कांदा-लसूण. कुंपणावर दोडका, कारलं, वाल. कोपऱ्यात शेवगा, हादगा, कढीपत्ता, पपई, लिंबू. घराचं सांडपाणी तिथे वळवता आलं तर उन्हाळ्यातही चार वाफे तगतात. शेत लांब असेल तर हे दोन गुंठे घरामागे घ्या.

आता अंदाज मांडू. पाऊस बेताचा झाला आणि एकरी २ क्विंटल मूग-उडीद, ४ क्विंटल ज्वारी धरली, तर ३० गुंठ्यांतून दीड क्विंटल मूग-उडीद आणि ३ क्विंटल ज्वारी. तूर ५० किलो धरा. कडधान्य झालं २०० किलो. डाळ करताना चौथाई कमी होते, म्हणजे १५० किलो डाळ. घराला ९१ लागते. बियाणं काढूनही जवळपास ५० किलो डाळ उरते. ज्वारीत १३० किलोची तूट आहे, ती उरलेल्या डाळीच्या पैशातून भरून निघेल. वर कडबा, तो वेगळा. दुष्काळ पडला तर हे सगळं निम्म्यावर येईल. पण निम्मी डाळ घरात असणं आणि काहीच नसणं, यात फरक आहे.

लक्षात घ्या, बाकीच्या शेतात सोयाबीन आणि हळद राहू द्या. रोख पिकाशी आपलं भांडण नाही, फक्त पहिला एकर ताटाचा.

ज्वारी का सुटली? पाखरं, रानडुकरं आणि काढणी

तुमचे मालक म्हणतील, "ज्वारी पेरली तर पाखरंच खातील." ते खरं बोलतात. सगळ्या शिवारात हरभरा आणि एकाच रानात ज्वारी असली की शिवारातली सगळी पाखरं तिथेच उतरतात. एकटीनं पेरलेली ज्वारी पाखरांची असते, दहा जणींनी पेरलेली ज्वारी आपली असते.

म्हणून हा पाठ एकटीनं वाचून उपयोग नाही, तो गटानं वाचायचा आहे. शक्यतो लागून असलेली रानं निवडा. एकाच आठवड्यात पेरा, म्हणजे कणसं एकाच वेळी हुरड्यावर येतील आणि पाखरांचा मार वाटला जाईल. राखणीच्या पाळ्या लावा.

रानडुक्कर आणि रोह्यांसाठी जुना उपाय करा. ज्वारीच्या चारी कडेनं करडईच्या दाट ओळी पेरा. करडई काटेरी, जनावर लवकर आत शिरत नाही. तिची कोवळी भाजी होते आणि घाण्यावरून तेलही मिळतं. पूर्ण संरक्षण होणार नाही, पण नुकसान कमी होईल.

ज्वारी सुटायचं तिसरं कारण काढणी. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. यावर उपाय वारंगुळा. आज तुझ्या रानात आम्ही दहा जणी, उद्या माझ्या रानात तुम्ही. आपल्या आजीच्या काळात हेच चालायचं. फक्त हजेरी वहीत लिहा, म्हणजे वाद नको.

ज्या सखींना जमीन नाही, त्यांच्यासाठी

आपल्या गटांत भूमिहीन सख्या बऱ्याच आहेत. हा पाठ त्यांना सोडून नाही. चार वाटा आहेत. एक, घराभोवती जागा असेल तर वाफे, नसेल तर पोत्यात, फुटक्या घागरीत, पत्र्याच्या डब्यात मिरची, मेथी, पालक. शेवग्याच्या एका झाडाला जागा किती लागते? दोन, पाच जणींनी मिळून पडीक तुकडा बटईनं किंवा ठोक्यानं घ्यायचा. करार कागदावर, दोन साक्षीदारांच्या सहीनं. तीन, सुगीच्या मजुरीतला काही भाग धान्यात घ्यायचा. चार, पाच-सहा कोंबड्या. अंडं पोराच्या ताटात आधी, बाजारात नंतर.

रानभाजी सगळ्यांची आहे. मात्र तणनाशक मारलेल्या रानातली भाजी खुडायची नाही. शेतमालकिणीला विचारा, कधी फवारलं आणि कोणता बांध न फवारता ठेवला आहे. ज्यांचं शेत आहे त्यांनी एक बांध तरी सोडायचा. तो गटातल्या सगळ्या सख्यांचा भाजीबांध.

बियाणं आणि साठवण आपल्या हातात

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्यांनी केलं ते आपल्या माजघरात पूर्वी प्रत्येक बाई करायची. चांगलं कणीस, चांगली शेंग वेगळी काढायची, नीट वाळवायची, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची.

पेरणीआधी उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळा. पोतं ओलसर ठेवा. आठवड्याच्या आत मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बिनधास्त पेरा. कमी उगवले तर बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर बदला. फवारलेलं किंवा औषध लावलेलं बियाणं चुकूनही खायला घेऊ नका.

धान्य दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवा. गरम असताना कोठीत भरू नका, थंड होऊ द्या. कोठी जमिनीपासून फूटभर उंच, भिंतीपासून थोडी दूर. नदीकाठच्या गावांनी बियाणं आणि महिनाभराचं धान्य माळ्यावर ठेवायची सवय लावा. घरात पाणी शिरलं की आधी खालचं पोतं जातं.

गटाचा धान्य कोष

बचत गटात आपण पैसे जमवतो, तसं धान्य जमवू. दहा सख्यांनी सुगीत प्रत्येकी २० किलो ज्वारी दिली की २०० किलोचा कोष झाला. ज्यांच्याकडे धान्य नाही त्यांनी सुगीच्या भावानं तेवढे पैसे द्यावे. त्या पैशातून गटानं तेव्हाच ज्वारी घ्यायची, कारण सुगीत स्वस्त असलेली ज्वारी पावसाळ्यात महाग होते.

आषाढ-श्रावणात घरात धान्य नसतं आणि पैसाही शेतात अडकलेला असतो. तेव्हा गरजू सखी कोषातून उसनं घेईल आणि सुगीत सवाईनं परत करेल, म्हणजे २० किलो नेले तर २५ किलो. अगदीच अडचणीतल्या, विधवा किंवा आजारी सखीला सवाई माफ करायची का, हे गटानं आधीच ठरवून ठरावात लिहावं. ऐनवेळी ठरवलं की मनं दुखतात. वजनकाटा एकच, नोंद दोघींच्या सहीनं, आणि किल्ली व वही वेगवेगळ्या घरी.

घरात विषय कसा काढायचा?

खरी अडचण इथेच आहे. शेतात कष्ट आपले, पण काय पेरायचं ते दुसरं कोणी ठरवतं. हा विषय भांडून सुटत नाही आणि गप्प राहूनही सुटत नाही.

पेरणीच्या दिवशी नको, चैत्र-वैशाखात बोला. हातात किराणा वहीचा आकडा ठेवा. शेजारी सोयाबीनची पट्टी ठेवा आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी, हमाली सगळं वजा करा. एकरी उरलेला आकडा आणि धान्य-डाळ-भाजीवर गेलेला आकडा शेजारी मांडा. मग म्हणा, "अहो, एक वर्ष, एक एकर. नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत सोयाबीन." सासूबाईंना सोबत घ्या. मुगाच्या बेवडाची गोष्ट त्यांनी सांगितली तर जास्त पटते. एक एकर मिळत नसेल तर दहा गुंठ्यांनी सुरुवात करा.

आणि सातबाऱ्याचा विषय सोडू नका. पतीच्या हयातीत पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठी कार्यालयात चौकशी करा. नाव असलं की पेरणीच्या बोलण्यात आवाज येतो.

पुढच्या बैठकीत करायची कामं

१. प्रत्येकीनं आपल्या घराचा धान्य, डाळ, भाजीचा वर्षाचा आकडा लिहून आणायचा. लिहिता येत नसेल तर गटातल्या सखीनं किंवा शाळकरी मुलीनं मदत करायची.

२. कोण किती गुंठे देऊ शकते, त्याची यादी करायची. रानं लागून आहेत का, ते बघायचं.

३. गावात अजून कोणाकडे कोणतं गावरान बियाणं आहे, ते शोधायचं. मूठभर मिळालं तरी आणायचं.

४. धान्य कोषाचे नियम बोलून ठराव लिहायचा.

५. कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा गावच्या कृषी सहायकाला बैठकीला बोलवायचं. आपल्या मातीला कोणतं वाण, किती बियाणं, कधी पेरायचं, हे त्यांच्याकडून पक्कं करायचं.

आणि एक प्रश्न सगळ्या मिळून सोडवा: आज गाव तुटलं तर आपल्या गटातल्या कोणत्या घरी सगळ्यात आधी चूल विझेल? तिचं नाव मोठ्यानं घेऊ नका, तिला वाईट वाटेल. पण कोषाचं पहिलं पोतं भरताना तिला मनात ठेवा.